जुने कटर विकत घेताना
(अंबाजोगाई येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या ह्या मेळाव्यात मुलांचे शिक्षण, वसतिगृह, लग्नातील अवास्तव खर्च अशा थोर विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे आपण ऐकलीत. त्यानंतर माझ्यासारख्याने उठून एका जुन्या यंत्राविषयी बोलावे हे काही जणांस विषयाला सोडून वाटेल. परंतु गेल्या दोन वर्षांत सल्ला विचारण्यासाठी जी तरुण मंडळी माझ्या ओट्यावर येऊन बसली, त्यांतील निम्म्याहून अधिकांचा प्रश्न एकच होता : "अण्णा, पुण्याच्या एका ठेकेदाराचे जुने कटर विकाऊ आहे, घेऊ का?" प्रत्येकाला निरनिराळे उत्तर देण्यापेक्षा ते एकदाच सर्वांसमोर द्यावे, आणि घरातील स्त्रियांच्या देखत द्यावे, असे मनात आले. स्त्रियांच्या देखत का, ते पुढे कळेल.

आपला वडार समाज दगडमातीचा. कोणी गाडी वडार म्हणून गाड्यावर दगड वाहिला, कोणी माती वडार म्हणून तलाव व रस्ते खणले, कोणी जाते वडार म्हणून घरोघरची जाती घडविली आणि त्यांना टाकी लावली. घण, पहार आणि टाकी ही आपल्या घरची तीन दैवते. ह्या अंबाजोगाईला राहणाऱ्या माणसाला दगडाची थोरवी निराळी सांगावयास नको. हत्तीखान्यातील ते कातळातून कोरलेले हत्ती पाहावेत, सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर ह्याच्या नावाचे तेराव्या शतकातले देऊळ पाहावे. राजाचे नाव उरले, सेनापतीचे उरले. दगडावर टाकी चालविणाऱ्याचे नाव आज कोणासही ठाऊक नाही. असो.

हा दगडाचा धंदा आपल्या भागात हळूहळू ओसरतच होता. परंतु ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आली, आणि एका दिवसात लोकांच्या मनातून दगडी भिंत उतरली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदांखाली सापडून गेली. दोष दगडाचा नव्हता. सांधा धरणारा चुना-सिमेंट नव्हता, कोपरे बांधलेले नव्हते, आणि वर मातीचे ओझे होते. पण भ्यालेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्यानंतर लातूर, उस्मानाबाद आणि आपल्या बीड जिल्ह्याच्या ह्या बाजूला ज्याच्या हाती पैसा आला त्याने विटा, सळई आणि स्लॅब ह्यांचा आश्रय केला. आपली माणसे खाणीतून निघून स्लॅबवर गेली. घण गेला, मिक्सर आला. आणि आता त्या मिक्सरच्या मागोमाग कटर आले आहे.

ह्या यंत्राला काम मिळते कोठे, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिमेंट काँक्रीटचा रस्ता ओतला की तो वाळताना आकसतो, आणि आकसला की तडकतो. तडकू नये असा उपाय नाही. मात्र तडा कोठे पडावा हे आपण ठरवू शकतो. म्हणून ठराविक अंतरावर स्लॅबच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खोल सरळ चीर पाडतात. तडा त्या चिरेखाली गुमान पडतो आणि वरून रस्ता शाबूत दिसतो. हिलाच आपली मुले 'ग्रूव्ह मारणे' म्हणतात. ह्या कामाची वेळ मोठी नाजूक. फार लवकर कापावे तर कडेची खडी उखडते, उशीर करावा तर रस्ता आपल्या मर्जीने तडकून मोकळा होतो. काँक्रीट ओतल्यापासून मोजके तास हाती असतात, आणि आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात तेही कमी होतात. म्हणून ग्रूव्हवाल्याला रात्री दोन वाजता उठवितात आणि त्याचे यंत्र त्या वेळी पहिल्या ओढीला सुरू व्हावे लागते. दुसरे काम नळयोजनांचे. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले आणि गावोगाव नुकत्याच केलेल्या सिमेंटच्या गल्ल्या नळ टाकण्यासाठी पुन्हा उकरणे आले. आधी रस्ता करावयाचा आणि मग तो फोडावयाचा, ह्यातले शहाणपण मला विचारू नका. पण दोन्ही बाजूंनी सरळ चीर मारून मग फोडले तर उरलेला रस्ता वाचतो, आणि त्या चिरेचे पैसे आपल्या मुलाला मिळतात. तिसरे, उभ्या घरात नवा जिना, नवे दार, पाण्याच्या टाकीचे भोक अशी किरकोळ कामे.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. एक ढकलत न्यावयाचे, चाकांचे, रस्त्यावरच्या ग्रूव्हसाठी. दुसरे हातात धरावयाचे, पेट्रोलचे, बहुधा चौदा इंची चकतीचे. स्टिल कंपनीचे टी.एस. ४२० हे ह्या दुसऱ्या जातीचे परिचित उदाहरण. त्याची चकती ३५० मिलिमीटरची आणि काप १२५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे पाच इंच खोल. अशी चकती मिनिटाला पाच हजार फेरे फिरली तर तिची कड ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेगाने धावते. आपल्या देशातल्या आगगाडीलाही हा वेग येत नाही, आणि हे प्रकरण आपला मुलगा छातीपाशी धरून उभा असतो, एवढे ध्यानात असावे.

चकतीच्या कडेला जे तुकडे बसविलेले असतात त्यांत हिऱ्याचे कण असतात, असे सांगितले की म्हातारी माणसे हसतात. हिरा म्हणजे निजामाच्या तिजोरीतली वस्तू. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्यांच्या अमलाखाली होता त्या शेवटच्या निजामाने जेकब नावाचा लिंबाएवढा हिरा कागदावर ठेवावयाचे वजन म्हणून वापरला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पण १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत माणसाने हिरा तयार केला, आणि तेव्हापासून हा पदार्थ दागिन्यांच्या पेटीतून निघून मजुराच्या हाती आला. खाणीतल्या टाकीसारखा तो दगडाचे कपचे काढीत नाही. तो घासतो. घासून घासून दगडाचे पीठ करतो. आजच्या माझ्या बोलण्याचे सारे मर्म ह्या 'पीठ' शब्दात आहे.

जुन्या घरात एक समजूत फार पक्की बसली आहे. कोरडे कापू नकोस, असे मुलाला म्हटले की आजोबा मध्ये पडतात : "आम्ही जन्मभर धूळ खाल्ली, आमचे काय बिघडले?" आजोबांचा मान राखून मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, बिघडले नाही असे नव्हे. ज्यांचे बिघडले ते हे वाक्य बोलावयास आज आपल्यात उरलेले नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या वाडवडिलांनी फोडला तो मराठवाड्याचा काळा पाषाण. त्यात ज्याला गारगोटी म्हणतात ते मोकळे सिलिका फारच थोडे असते. शिवाय घणाखाली आणि टाकीखाली उडते ती कपची व जाड भुकटी. ती नाकात, घशात अडते, खाकरून बाहेर पडते. काँक्रीटची गोष्ट निराळी. त्यात वाळू असते, आणि नदीच्या वाळूत गारगोटीचा अंश भरपूर असतो. आज कित्येक ठिकाणी दगड भरडून केलेली वाळू घालतात हे खरे. परंतु समोरच्या स्लॅबमध्ये कोणती वाळू आहे हे दहा वर्षांनी डोळ्यांनी कळत नाही. ग्रॅनाइटच्या फरशीत तर गारगोटी असतेच. आणि हिऱ्याची चकती ह्या साऱ्याचे इतके बारीक पीठ करते की त्यातला घातक कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याहूनही लहान असतो. तो डोळ्याला दिसत नाही, घशात अडत नाही, रुमालाने किंवा उपरण्याने थांबत नाही. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि तेथे वण करतो. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि त्या वणावर आजमितीस औषध नाही. म्हणजे आजोबांचा दगड वेगळा, आजोबांचे हत्यार वेगळे आणि नातवाची धूळ वेगळी. आजोबांचा दाखला नातवाला लागू पडत नाही.

हा रोग किती माणसे नेतो ह्याची साक्ष न्यायालयाच्या दप्तरात आहे. मध्यप्रदेशातील आदिवासी मजूर गुजरातेत गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत पोटासाठी गेले आणि छाती भरून घेऊन परत आले. त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारला दिला. राजस्थानात, जेथे दगडाच्या खाणी फार, तेथील सरकारने २०१९ साली ह्या रोगासाठी स्वतंत्र धोरणच आखले. त्याच २०१६ साली अमेरिकेत जे धूळविषयक नियम झाले त्यांत कामगाराच्या श्वासात येणाऱ्या हवेतील सिलिकाची मर्यादा दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम इतकी ठरविली, आणि हातात धरण्याच्या करवतीने कापावयाचे तर करवतीलाच जोडलेल्या नळीतून चकतीवर सतत पाणी पडले पाहिजे, असे स्पष्ट लिहिले. ध्यानात घ्या, 'जवळ बादली असावी' असे लिहिले नाही. करवतीलाच जोडलेली नळी, असे लिहिले.

आता आपल्याकडे काय चालते ते सांगतो, आणि येथे मला माताभगिनींचे लक्ष हवे आहे. जुने यंत्र येते तेव्हा त्याची पाण्याची नळी बहुधा तुटलेली किंवा काढून टाकलेली असते. विकणारा सांगतो, "तिची गरज नाही, कोरडेच झपाट्याने कापते." घेणाऱ्यालाही ते बरे वाटते, कारण पाणी आणावे लागत नाही, चिखल होत नाही. पुढे फारच धूळ झाली आणि घरमालक ओरडला की मग प्लास्टिकच्या बाटलीच्या टोपणाला भोके पाडतात आणि ती बाटली घरच्या बाईच्या हाती देतात. कापणारा मागे उभा असतो. ती बिचारी चकतीच्या पुढे, जेथून कपचे उडतात आणि धूळ निघते त्याच तोंडाशी वाकून धार धरते. पुष्कळदा तिच्या पाठीला लेकरू असते. बाटली संपली की भरून आणीपर्यंत यंत्र थांबत नाही, ते कोरडेच चालते. नळी नसलेले यंत्र स्वस्त मिळाले असे आपण म्हणतो. ते स्वस्त नाही. त्या नळीच्या जागी आपण एक माणूस जुंपलेले असते आणि त्याची किंमत हिशेबात धरलेली नसते, इतकेच.

पाणी आणावे कोठून, हा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते अशा गावात रस्त्यावर पाणी ओतणाऱ्या माणसाला लोक बोल लावतात, आणि ते अगदीच चुकीचे म्हणता येत नाही. म्हणून मी हिशेब मांडतो. हातातल्या करवतीला धूळ बसविण्यासाठी मिनिटाला निदान अर्धा लिटर पाणी लागते. दिवसभर यंत्र हाती असले तरी चकती प्रत्यक्ष काँक्रीटमध्ये असते तो वेळ तास-दोन तासांचा. तासाचे झाले तीस लिटर, म्हणजे मोठ्या दोन घागरी. दोन तासांच्या चार घागरी. ते पिण्याचे पाणी असावे लागत नाही; विहिरीचे, बोअरचे खारे पाणीही चालते, मात्र ते फडक्यातून गाळून घ्यावे, नाहीतर तोटीचे बारीक छिद्र तुंबते. डोक्यावरच्या टाकीचा दाब मिळत नसेल तेथे शेतात औषध मारावयाच्या हातपंपाची टाकी कामी येते. ती नवी घ्यावी. जिच्यात एकदा औषध भरले गेले ती कितीही धुतली तरी घेऊ नये, कारण ते पाणी तुषार होऊन तुमच्याच नाकात जाणार. चार घागरींसाठी मुलाची छाती पणाला लावावी इतका दुष्काळ आपल्याकडे अजून पडलेला नाही. आणि ज्या दिवशी चार घागरीही मिळणार नाहीत त्या दिवशी काम बंद ठेवावे. ठेकेदार रागावेल, रागावू द्यावा.

ढकलण्याच्या मोठ्या यंत्राला पाणी ह्याहून अधिक लागते, परंतु तेथे बहुधा टँकर उभाच असतो, कारण नव्या रस्त्यावर पाणी मारावे लागतेच. तेव्हा तेथे सबब चालावयाची नाही.

आता प्रत्यक्ष खरेदी. ज्याला घ्यावयाचे आहे त्याने एकट्याने जाऊ नये. यंत्राचे जाणणारा एक माणूस आणि पैशाचे जाणणारा एक माणूस बरोबर न्यावा. विक्रेता प्रथम यंत्र सुरू करून दाखवितो आणि त्या आवाजाने घेणारा दिपून जातो. तुम्ही सांगावे, यंत्र थंड असू द्या, आधी पाणी दाखवा. नळीची जोडणी, तिची चावी, टोपणाच्या म्हणजे गार्डाच्या दोन्ही अंगांना असलेल्या बारीक तोट्या, हे सर्व जागेवर आहे काय, आणि पाणी सोडल्यावर चकतीच्या दोन्ही बाजूंवर पडते काय, एवढे पाहावे. एका बाजूची तोटी बुजलेली असेल तर ती सुईने मोकळी होते. परंतु जोडणीच मोडलेली असेल तर तो सुटा भाग बाजारात मिळतो काय हे आधी विचारून घ्यावे आणि मगच किमतीचे बोलणे करावे. मिळत नसेल तर घराकडे परत फिरावे. पुढचे काही पाहण्याचे कारण नाही.

त्यानंतर गार्ड. ते हाताने फिरते आणि फिरविलेल्या जागी घट्ट राहते की सैल लोंबते? काही मंडळी खोल कापता यावे म्हणून गार्ड कापून टाकतात. असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. चकतीचा वरचा पुढचा भाग चिरेत अडकला तर यंत्र उसळून मागे, धरणाऱ्याच्या मानेकडे येते. त्या क्षणी मध्ये फक्त गार्ड असते.

मग चकती उतरवून मोकळा दांडा दोन बोटांत धरून वरखाली हलवावा. किंचितही खडखडला तर बेअरिंग गेले आहे. चकती दाबून धरणाऱ्या दोन वाटोळ्या पट्ट्या वाकलेल्या नसाव्यात, आणि भोक मोठे म्हणून मध्ये पत्र्याची कडी ठोकून बसविलेली नसावी. असल्या जुगाडाने चकती डुलते, चीर रुंद होते, इंजिनावर ताण येतो आणि एखादे दिवशी चकतीचा तुकडा सुटतो.

इंजिनाची एक खूण मला फार मोलाची वाटते. हवेच्या गाळणीचे झाकण उघडावे, गाळणी काढावी आणि तिच्या आतल्या बाजूच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या, वाटेवरून स्वच्छ बोट फिरवावे. बोटाला राखाडी पीठ लागले तर समजावे की हे इंजिन कित्येक महिने काँक्रीटचे पीठ श्वासात घेत आले आहे. त्याचे सिलिंडर आतून खरवडले गेले असणार. बाहेरून कितीही ताजा रंग मारलेला असो, त्याचे आयुष्य संपत आले. आणि विचार करा, ज्या जागी लोखंडाच्या इंजिनाची गाळणी असून ही गत झाली, त्याच जागी तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस तितकेच महिने उभा होता.

सुरू करण्याची दोरी सावकाश ओढून पाहावी. चांगल्या इंजिनात ती मध्येच आडते, थकलेल्या इंजिनात ती विहिरीच्या दोरासारखी सुळ्ळकन येते. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवलेले असेल तर चहा प्यावा, तासभर बसावे आणि ते थंड झाल्यावर पुन्हा सुरू करण्यास सांगावे. नुसते रिकामे फिरवून काही कळत नाही. खऱ्या स्लॅबवर, पाणी सोडून, दहा मिनिटे कापून पाहावे. दाबाखाली घरघरून बंद पडते काय, पट्टा घसरून जळका वास येतो काय, मुठी हाताला झिणझिण्या आणतात काय? मुठीखालचे रबर गेले असेल तर ते बदलता येते आणि ते जरूर बदलावे. तो कंप वर्षानुवर्षे हातात गेला की बोटे पांढरी व बधिर पडतात. शेवटी इंधनाचे विचारावे. दुपटीच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मोजून घालावे लागते. मालक जर 'अंदाजाने घालतो' म्हणाला तर त्या अंदाजाचे फळ सिलिंडरात साठलेले असते.

चकतीचे मोल किमतीत धरू नये. जुन्या यंत्रावरची चकती बहुधा झिजलेलीच असते. नवी घेताना एक उलटे वाटणारे तत्त्व आहे : कठीण दगडाला मऊ बांधणीची चकती लागते आणि खरखरीत, वाळू सोडणाऱ्या ताज्या काँक्रीटला कठीण बांधणीची. कारण हिऱ्याचे कण बोथट झाले की धातूची बांधणी झिजून ते गळावेत आणि आतले धारदार कण उघडे पडावेत, अशी ही योजना आहे. काळ्या पाषाणाच्या खडीच्या जुन्या स्लॅबवर कठीण बांधणीची चकती चालविली तर ती झिजत नाही, गुळगुळीत होऊन चमकू लागते आणि कापणे थांबते. मग आपला गडी काय करतो? अंगाचा भार टाकतो. तसे न करता एखाद्या खरखरीत विटेत दोन-चार काप घेतले की तोंड पुन्हा उघडते. पाण्याने चकतीचेही आयुष्य वाढते, हे पैशाच्या भाषेत ज्यांना पटते त्यांच्यासाठी सांगून ठेवतो.

हे सर्व पाहून यंत्र चांगले निघाले, तरी पैसा कोठून आणावा हा प्रश्न उरतोच. बायकोचा दागिना गहाण टाकून जुने यंत्र घेण्याची चाल पडू लागली आहे, आणि मी तिच्या विरुद्ध आहे. महिन्यातून चार दिवसच काम असेल तर यंत्र भाड्याने आणावे. काम बारमाही असेल तर नव्या यंत्राचे कोटेशन घेऊन मुद्रा योजनेखाली बँकेकडे जावे. ती २०१५ पासून चालू आहे. आपल्या समाजासाठी राज्य सरकारने २०२३ साली पैलवान कै. मारुती चव्हाण यांच्या नावाने आर्थिक विकास महामंडळ जाहीर केले आहे, त्याचाही दरवाजा ठोठवावा. तिघा भावकीतल्यांनी मिळून यंत्र घेतले तर हरकत नाही, परंतु कोणी किती घातले आणि दुरुस्ती कोणी करावयाची हे स्टँपवर लिहून ठेवावे. आणि एकाच पोराला रोज चकतीवर उभे करू नये, पाळी लावावी. नाकाला एन-९५ जातीचा घट्ट बसणारा मास्क असावा. तो पाण्याच्या जोडीला आहे, पाण्याच्या ऐवजी नाही.

जी मुले आजवर कोरडे कापत आली, त्यांनी घाबरून घरी बसू नये, पण लपवूही नये. आपल्या गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथे जाऊन छातीचे क्ष-किरण चित्र काढावे आणि डॉक्टरांनी न विचारता स्वतः सांगावे की मी इतकी वर्षे काँक्रीट कापतो. हे न सांगितल्यास ह्या रोगाला क्षय समजण्याची चूक सहज होते, कारण चित्रात दोहोंचे स्वरूप सारखे भासू शकते. आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर जडतो हेही खरे आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात ज्यांनी नाव नोंदविले नसेल त्यांनी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला घेऊन ते नोंदवावे.

शेवटची गोष्ट पावतीची. चोरीची यंत्रे फिरत असतात आणि पोलिस विचारावयास आले की आपल्या समाजाच्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते ते मी येथे सांगत बसत नाही. १९५२ पूर्वीचा तो गुन्हेगारीचा शिक्का कायद्यातून गेला, डोळ्यांतून सगळा गेलेला नाही. म्हणून यंत्रावरचा कोरीव क्रमांक घासलेला असेल तर त्याला हात लावू नये. क्रमांक स्पष्ट असेल तर तो, विक्रेत्याचे नाव, पत्ता, तारीख आणि रक्कम पावतीवर घालून घ्यावी, आणि त्याखाली 'पाण्याची जोडणी व गार्ड चालू स्थितीत दिले' हे शब्द विक्रेत्याच्याच हातून लिहून घ्यावेत. ते लिहावयास तो कचरला, तर पैसे मोजून झाले असले तरी परत खिशात घालावेत आणि मिळेल त्या एस.टी.ने घरी यावे.